अस्वलाच्या सिनेमाचं संमतीपत्र

चंद्रपूरच्या कोर्टात शिरीन पठाण वकिलीणबाईंची नऊ वर्षं शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणांत आणि अपघाताच्या दाव्यांत गेली होती. सिनेमाची पटकथा तपासून द्या, असं म्हणणारे भैयाजी पहिलेच. आयुष्यभर नाटक कंपनी चालवून ते आता पहिला सिनेमा काढायला निघाले होते, आणि वकिलानं पटकथा वाचल्याशिवाय पुढं कोणी सिनेमा घेत नाही, असं त्यांना नागपुरात कळलं होतं.

शिरीनबाईंनी पटकथा खरेदीखतासारखी वाचली, लाल पेन घेऊन. खलनायकाच्या दुकानाची पाटी खऱ्या दुकानाची निघाली, काढली. लाचखाऊ वनरक्षकाचं गाव नकाशावर सापडलं, बदललं. भैयाजी सगळ्याला हो म्हणत गेले. मग बाईंनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, ‘सत्य घटनेवर आधारित.’

“ही घटना कोणाची?”

“नागभीडकडच्या बुधरीबाईची. मोहफुलं वेचताना अस्वल आलं होतं.”

“तिची लेखी संमती?”

“मी तिच्या घरी चहा पेलो ना, मॅडम.”

“चहा पुरावा होत नाही, भैयाजी.”

दुसऱ्या दिवशी दोघं गावात पोचले. बुधरी आणि तिचा नवरा दसरू अंगणात बसले, शेजारच्या बायाही जमल्या. बुधरीला वाचता येत नव्हतं, म्हणून शिरीनबाईंनी तो प्रसंग मोठ्यानं वाचला. नायक कुऱ्हाड घेऊन अस्वलावर झेपावतो. नायिका किंचाळून बेशुद्ध पडते.

“मी कवा पडली?” बुधरीनं विचारलं. “मी टिनाचा डबा वाजवून त्याले पळवलं. हा झाडावर होता.”

सगळ्यांनी दसरूकडं पाहिलं.

“जरासाक चढलो होतो,” तो म्हणाला.

पेच खरा होता. खोटं दाखवलं तर बुधरी सही करणार नव्हती. खरं दाखवलं तर दसरूची बदनामी, म्हणजे त्याचीही सही हवी. भैयाजी वेगळ्याच काळजीत होते.

“हिरो झाडावर अन् हिरोईन लढून राह्यली, असा पिच्चर पाहील कोण?”

“आमी पाहू,” शेजारच्या नीलाबाई म्हणाल्या.

किती उंच चढला यावर वाद लागला. दसरू चार फूट म्हणे, बुधरी वीस. जमिनीच्या भांडणात शिरीनबाई दोन्ही पक्षांना जागेवर नेत; तसंच त्यांनी दोघांना त्या मोहाच्या झाडाखाली नेलं.

“भाऊ, फांदी कोणती?”

दसरूनं बायकोकडं न बघता एका फांदीकडं बोट केलं. टेपनं मोजलं, बारा फूट भरलं.

“पण मी वरून हिले हाका मारत होतो,” तो म्हणाला. “थे बी लिहा.”

“मारत होता,” बुधरी म्हणाली. “‘पळ पळ’ म्हणे. मले ऐकू आलं. पण टोपला भरला होता, टाकून काऊन पळू?”

शिरीनबाईंनी दोन्ही गोष्टी संमतीपत्रात लिहिल्या: उंची बारा फूट, हाका मारल्या. बुधरीनं अंगठा दिला, दसरूनं सही केली. भैयाजींनी प्रसंग नव्यानं लिहिला.

शूटिंगच्या दिवशी नायकाचं काम करणाऱ्या नटाला मोहाच्या झाडावर चढताच येईना. शेवटी त्याचा शर्ट घालून दसरू चढला, तोही चार वेळा, कॅमेऱ्याला आवडेपर्यंत. पण त्याआधी, हे कळताच शिरीनबाईंनी फोनवरून शूटिंग थांबवलं, गाडी करून आल्या आणि नटाच्या जागी चढण्याचा दसरूचा वेगळा करार केला. साक्षीदार म्हणून बुधरीचा अंगठा घेतला.