ओल्या बाभळीच्या खुंट्या

बहात्तर साली मी कोल्हारजवळच्या एका खेड्यात शिक्षक होतो. शाळेत सुतारकाम हा विषय होता आणि तो माझ्या गळ्यात पडला होता. ट्रेनिंगच्या परीक्षेला मी एक पेनांची पेटी केली होती, तिचं झाकण शेवटपर्यंत बसलं नाही. गावाला हे ठाऊक नव्हतं. गाव मला सुतारकामाचे गुरुजी म्हणायचं आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प बसायचो.

पहिलं बाळंतपण करून बायको राहात्याहून, माहेरून परत आली, ती तीन महिन्यांची मुलगी आणि पितळेची भांडी घेऊन. घागर, परात, डबे, तांबे. ती आल्यागेल्याला दिसतील अशी भिंतीवर मांडायची तिला हौस. "आवो, सुताराला कशाला बोलवायचं? तुमी तर पोरांना शिकवता," ती म्हणाली. आता नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं?

फळी म्हणजे तसं सोपं काम. भिंतीत दोन खुंट्या ठोकायच्या आणि वर पाटासारखी फळी टाकायची. फळी मी रंधा मारून गुळगुळीत केली, तेवढं मला येत होतं. खुंट्यांना मात्र ताजी तोडलेली बाभळ घेतली. वाळलेली बाभळ हाताला फोड आणते, ओली निमूट तासू देते. भिंत पांढऱ्या मातीची. तिला भोक पडेना, तेव्हा मी तांब्याभर पाणी मारलं. मग खुंट्या इतक्या सहज आत गेल्या की मी स्वतःवर खूश झालो. ओलं लाकूड वाळलं की आकसतं, ओली माती वाळली की सुटते, हे मीच वर्गात मुलांकडून पाठ करून घेत असे.

भांडी वर चढली. शेजारच्या बाया बघून गेल्या, एकीने तर आपल्या घरासाठीही फळी सांगून ठेवली. दुष्काळाचं वर्ष, हवेत ओलावा औषधाला नव्हता. आठवडाभराने एक डबा काढताना माझा अंगठा डाव्या खुंटीला लागला आणि खुंटी हलली. फळीच्या बरोबर खाली मुलीची झोळी बांधलेली होती.

खरं तर एकच वाक्य बोलायचं होतं. भांडी खाली काढ, खुंटी सैल आहे. ते मला बोलवेना. त्याऐवजी मी म्हणालो, "झोळी पलीकडे बांधू या का? इथे वारा लागतो."

"वारा कुठं हाय? तिकडं चुलीचा धूर न्हाई का लागायचा तिला?" बायको हसली. "तुमचं आपलं कायतरीच."

ती पाण्याला गेली की मी खुंटीच्या फटीत चिंध्या कोंबायचो, वर चिखल लिंपायचो. दुसऱ्या दिवशी चिखलाला तडा. मी भीत होतो, अगदी लाज वाटावी इतका भीत होतो, पण माझं हसं होण्याची भीती त्याहून मोठी निघाली. गावात कुठेही भांडं वाजलं की माझी मान घराकडे वळायची. जेवताना घास हातात धरून मी फळीकडे बघत बसे. रविवारी बायको धुणं घेऊन नदीवर गेली की वाळलेल्या लाकडाच्या खुंट्या गुपचूप बदलायच्या, असं मी ठरवलं.

गुरुवारी दुपारी मी वर्गात पाढे घेत होतो. शाळेपासून घर हाकेच्या अंतरावर. पितळेचा तो आवाज आला आणि मी पायात काही न घालता धावत सुटलो.

घागर चेपून उंबऱ्याशी पडली होती. फळीचं एक टोक जमिनीवर आलं होतं. परात झोळीत पडली होती आणि तिच्या भाराने झोळी खाली ताणली गेली होती. आतून आवाज नव्हता. मला परात उचलवेना. मी नुसता हात पुढे करून उभा राहिलो.

तेवढ्यात मागच्या दारातून बायको आली. पोरगी तिच्या खांद्यावर होती. "हिनं शी केल्ती, धुवायला मागं नेली हुती," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. मग तिला रडू फुटलं. "आवो, माझंच चुकलं. लई भांडी चढवली मी. बायांना दाखवायची लई हौस. तुमी येवढी चांगली फळी केल्ती. रागावू नका."

खुंटी माझ्या पायापाशी पडली होती. मी तिच्यावर पाऊल ठेवलं.

"जाऊ दे," मी म्हणालो. "पुढच्या वेळी जरा बेतानं मांड."

मुलीला पुढे मुलं झाली, तेव्हा त्यांच्या झोळीवर काही टांगू नका, असं बायको बजावून सांगायची. आपल्या हौसेपायी लेक जाणार होती, हेही सांगायची. मरेपर्यंत तिने ही चूक आपल्याच पदरात ठेवली. ती सांगायची तेव्हा मी शेजारीच बसलेला असायचो आणि तिला म्हणायचो, अगं, झालं गेलं, विसर आता.