पेट्यांचं आवतन

आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात बैलाला माणसासारखं बोलतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सोयऱ्याला देतात तसंच आवतन. दुसऱ्या दिवशी त्याला जू नाही, काम नाही, नुसतं खाणं. ही रीत आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

आमचा एकुलता एक पोरगा कापसाच्या वाईट वर्षांत गेला. अळीनं बोंडं आतून पोखरली होती, बोंड उकललं की अर्धं किडकं निघायचं, अन तरी माणसं फवारतच होती. तो फवारणीवरून घरी आला, डोळे झोंबतात म्हणाला, ओकला. यवतमाळच्या दवाखान्यात नेला तेव्हा बोलत होता. आणला तेव्हा झाकलेला होता. ह्याच्याहून जास्त मी लिहीत नाही.

मागं राहिलो आम्ही दोघं, सून आणि मांडीवरची नात. सुनेनं एक दिवस भाकरी थापता थापता सांगितलं, "याडी, वावरात मी पाय ठेवनार नाई." याडी म्हणजे आमच्यात आई. मी म्हटलं, मग काय करशील वं? तर म्हणे, रिक्षा चालवीन. तिचा भाऊ नेरला बॅटरीची रिक्षा चालवायचा, माहेरी गेली की त्याच्या शेजारी बसून शिकली होती. बैलजोडी विकली आणि रिक्षा घेतली. विकायला माझा नवरा गेला. परत आला तो हातात नुसता कासरा घेऊन, आणि तो कासरा गोठ्यातल्या खुंटीला टांगून बाजेवर बसला.

पण रिक्षा अंगणात आली तेव्हा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "आपले पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरत. लदेणी पुन्हा चालू झाली म्हनाची." आणि हसला. पोरगा गेल्यावर तेव्हाच पहिल्यांदा हसला असेल.

रिक्षाच्या सीटखाली चार काळ्या पेट्या, तिच्या बॅटऱ्या. सून दिवसभर तांडा ते घाटंजी फेऱ्या करी, बाजाराच्या दिवशी तर बायका एकमेकींच्या मांडीवर बसून यायच्या. संध्याकाळी पेट्या रिकाम्या होत, मग गाडी गोठ्यात लावायची, जिथं बैल बांधत तिथंच, आणि चार्जर जोडायचा. तो चार्जर साधा. पेट्या भरल्या तरी त्याला कळायचं नाही, माणसानं पिन काढली तर थांबायचा. ती पिन काढणं हे माझ्या नवऱ्याचं काम. बाजेवर पडून त्याची घरघर ऐकत राही. मला म्हणे, "ऐक, रवंथ करून राह्यले." मी म्हणे, तुमचं डोकं रवंथ करून राह्यलं. पण मला बरं वाटायचं. पोरगा गेल्यापासून ह्या माणसाला सकाळी कशाला उठू असं झालं होतं, आता निदान पेट्यांसाठी उठत होता.

पहिला पोळा आला तेव्हा सून नातीला घेऊन नेरला गेली होती. आदल्या दिवशी नवऱ्यानं पेट्यांची झाकणं पुसली, त्यांना हळद-तूप लावलं आणि वाकून आवतन दिलं. मी हसले, तोही हसला. पोळ्याच्या दिवशी सकाळीच चार्जर जोडला. "आज जेवन हाय त्यायचं. आज पानावरून उठवाचं नाई."

मीही पिनेला हात लावला नाही. सणाच्या दिवशी बैलाला अर्धपोटी कोण उठवतं?

संध्याकाळी गोठ्यातून सडक्या अंड्यासारखा वास आला. पाहतो तर पेट्या हात लावू देईनात इतक्या तापलेल्या, कुशी फुगलेल्या, आत पाणी खदखदत होतं. त्यानं पिन ओढली आणि तसाच उभा राहिला.

सून परत आली, गाडी काढली. नाल्याच्या पुलापर्यंत गेली आणि गाडी बसली. तांड्यातल्या पोरांनी ढकलत आणली. आमच्या घरची रीत अशी की सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही. पदर डोक्यावर घेऊन मला सांगते, सासरा, तिचा बा, तिथंच उभा असला तरी.

"याडी, बाले विचारा, पेट्या किती वेळ लावल्या व्हत्या?"

"तिले सांग, पोयाचं जेवन व्हतं."

"बाले सांगा, पेटी बैल नाई."

"तिले सांग, बैल पोट भरलं की तोंड फिरवते. याले तोंडच नाई त मी काय करू?"

"मी काय डाकवाली हाव का तुमची?" मी म्हटलं. कोणी हसलं नाही. तो गोठ्यात गेला आणि त्या दिवशी जेवला नाही.

यवतमाळला आम्ही तिघंही गेलो. बॅटरीच्या दुकानदारानं मेलेल्या पेट्या पाहिल्या, बदल्यात घेतो म्हणाला. मग सांगू लागला, "काकाजी, मोटारीची बॅटरी येगळी. ते इंजिन उठवते न मोकळी होते. ही दिवसभर राबते, खोलपर्यंत उतरते, मंग रोज भरते. इले चार्जर समजदार पाह्यजे." तीन चार्जर त्यानं काउंटरवर मांडले. एक आमच्या जुन्यासारखाच. एक मोठा, झपाट्यानं भरणारा. तिसरा छोटासा, दिवे असलेला.

नवऱ्यानं मोठ्यावर हात ठेवला. "याच्यात जोर दिसते."

"जोर कायले पाह्यजे? आपल्या पेट्यायले इतका करंट झेपत नाई, लवकर मरतीन. हा पाहा," त्यानं छोटा उचलला. "आधी पोटभर देते, भरत आलं की हात आखडते. भरलं की हिरवा लाइट, मंग नुसतं चाटाले ठेवते. तुमी पोयाच्या दिवशी लावून गावाले गेले तरी काई होत नाई." पोळ्याची गोष्ट सुनेनं त्याला सांगितली असावी. "याच्यासंग बंद बॅटरी घ्या. पानी नाई, काई नाई. कोनाले पाहाचं कामच नाई."

नवऱ्यानं मोठ्या चार्जरवरचा हात काढला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "मंग म्या गोठ्यात काय करू?"

ते सुनेनं ऐकलं. मी तिच्याकडं पाहत होते म्हणून मला कळलं. साध्या चार्जरवर तिचं पोट चालणार नव्हतं, पुन्हा पेट्या गेल्या असत्या तर नेरला भावाकडं जाऊन राहण्यावाचून तिला दुसरा रस्ता नव्हता. नात घेऊन. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तिनं छोटा चार्जर हातात घेतला, उलटा करून पाहिला. "याच्यावर पान्याच्या पेट्या चालतात का?"

"चालतात. हे बटन इकडं कराचं. पन पानी पाहाव लागते, बापा. कमी झालं की डिस्टिल वॉटर टाकाचं, हापशीचं नाई. विसरलं की पेटी गेली."

"पान्याच्याच द्या."

"बंद घ्या ना ताई, कटकट नाई."

सुनेनं पदर नीट केला आणि सासऱ्याकडं वळली. लग्न होऊन आली तेव्हापासून कधी असं झालं नव्हतं. "बा, पानी तुमाले पाहाव लागीन. मले टाइम नाई भेटत."

तो गोंधळला. माझ्याकडं पाहून म्हणाला, "तिले सांग, पाहीन म्हना."

दुकानदार हसायला लागला. मी नाही हसले, मला तोंडावर पदर घ्यावा लागला.

त्यानंतर तो पाणीवाला झाला. उजेड असता असता झाकणं उघडायचा, टॉर्च लावून आत पाहायचा, प्लेटा बुडाल्यात का बघायचा. मग हळूहळू डिस्टिल वॉटर ओतायचा, आणि बाहेर सांडलं तर जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचा. चार्जर आपल्या मनानं थांबायचा तरी हिरवा दिवा लागेपर्यंत बाजेवर बसून राहायचा. सून घरात पुन्हा रीतीवर आली, माझ्यामार्फतच बोलू लागली. "याडी, बाले सांगा, डाव्या पेटीत पानी कमी वाटते." त्यालाही तसंच बरं वाटत असावं.

पुढच्या पोळ्याला त्यानं पुन्हा आवतन दिलं. सुनेनं स्वतःच चार्जर जोडून दिला. दुपारी हिरवा दिवा लागला तर हा पेट्यांवर डाफरला, "जेवले का इतक्यात? लाजू नोका, सोयऱ्यावानी."

उन्हाळ्यात तो गेला. त्याच बाजेवर, दुपारचा डोळा लागला तो लागलाच. पाहायला आलेले म्हणाले, चांगलं मरण आलं. असेल.

दिवस-कार्य झालं, सून पुन्हा फेऱ्या करू लागली. गोठ्यात मी जात नव्हते. तिथं हिरवा दिवा लागत होता, लाल होत होता, पुन्हा हिरवा होत होता. चार्जर समजदारच होता, त्याचं काही चुकलं नाही. पण गाडी थकू लागली. घाटंजीहून परत येताना तांड्याची चढण चढेना, बायका उतरून पायी चालायच्या.

एका संध्याकाळी सुनेनं सीट उचलली, झाकणं काढली. मी दाराशी तांदूळ निवडत बसले होते. तिनं आत पाहिलं आणि वर न पाहताच म्हणाली, "याडी, बाले सांगा, पानी पार खाली..."

मग झाकण हातात धरून ती तशीच उभी राहिली.

मी सूप खाली ठेवलं. गोठ्याच्या कोनाड्यात डिस्टिल वॉटरचा कॅन होता, त्यावर त्याचं फडकं घडी करून ठेवलेलं. टॉर्च सुनेनं धरली. पहिल्यांदा ओतलं ते सगळं बाहेरच सांडलं. "हळू, याडी," ती म्हणाली. "बा लई हळू टाकत."

"मले माहीत हाय," मी म्हटलं, आणि फडक्यानं पेटी पुसली.