सहाशे ताटं आणि माझी वेबसाइट

एका संस्थेला वेबसाइट फुकट करून दिली की दुसरी संस्था दारात उभी राहते, आणि प्रत्येक जण एखादा किस्सा ठेवून जातो. माझ्याकडं असे लई साठलेत. पण मित्रांत बसलो की फर्माईश भांडी बँकेचीच होते. मी जरा जपूनच सांगतो, कारण त्या वेबसाइटपायी शरणम्मा आक्कांची खोली जायची वेळ आली होती आणि चूक सगळी माझी होती.

आधी बँक काय ते ऐका. लग्न, बारसं, वास्तुशांत, काहीही झालं की आमच्या गल्लीमागच्या नाल्यात थर्माकोलच्या ताटांचा ढीग पडायचा. अंगणवाडीतनं रिटायर झालेल्या आक्कांनी दारोदार फिरून स्टीलची सहाशे ताटं जमवली आणि कार्य असलेल्या घरांना ती वापरायला द्यायला लागल्या. रफिकभाई स्वतःच्या टेम्पोतनं पोचवतात. ठेवायला एका ट्रस्टच्या हॉलमागची खोली, तीही तोंडी शब्दावर मिळालेली. आक्कांचं घर दोन खोल्यांचं, त्यात चार माणसं. म्हणजे खोली गेली की बँक संपली.

मी पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करतो. भावाच्या लग्नानंतर ताटं परत द्यायला गेलो तर आक्कांनी विचारलं, "दिवसभर घरात काय करतोस रे?"

म्हटलं, "वेबसाइट बनवतो."

"मग आमची कर की. नाहीतरी घरातच हायस."

*

वेबसाइट झकास झाली. तारीख टाका, ताटं किती ते टाका, बटण दाबा, बुकिंग झालं. पहिला फॉर्म आला तेव्हा मी आक्कांकडंच बसलो होतो. मी खूश. तेवढ्यात आक्कांचा फोन वाजला.

"आक्का, मी फॉर्म भरलाय. मिळाला का?"

"मला न्हाई बाबा कळत ते. तारीख सांग, वहीत लिहिते."

दोन महिन्यांत गल्लीला शहाणपण आलं. फोनच करायचा असेल तर फॉर्म कशाला भरा? माझ्या वेबसाइटचा उपयोग एवढाच, की तिच्यावर आक्कांचा नंबर होता.

*

तरी प्रसिद्धी करायची म्हणून मी लग्नघरांना विनंती केली, पत्रिकेत कुठंतरी कोपऱ्यात आमच्या वेबसाइटचा पत्ता छापा. एका घरानं मनावर घेतलं. पत्रिका हातात आली. निमंत्रकांच्या यादीत काका, काकू, आत्या, तीन मामा, आणि चौथ्या मामाच्या जागी आमची वेबसाइट.

रफिकभाई ती पत्रिका आठवडाभर टेम्पोत लावून फिरत होते. भेटेल त्याला सांगायचे, "ये देखो, अपना साइट दुल्हन का मामा हुआ." आक्कांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं न्हाई. त्या म्हणाल्या, "मामा म्हटल्यावर आहेर न्यायला लागतंय," आणि खरंच ब्लाउजपीस घेऊन गेल्या.

*

मग मला क्यूआर कोडचं खूळ चढलं. प्रत्येक ताटाला एक कोड, मोबाइल धरला की कुठलं ताट कुणाकडं ते कळणार. एक अख्खा रविवार मी पाठीचा काटा ढिला करून सहाशे स्टिकर चिकटवले. वॉटरप्रूफ होते, हे मुद्दाम सांगतो.

पहिल्याच लग्नातनं ताटं परत आली ती आरशासारखी. एकावरही स्टिकर न्हाई. पोचवायला आलेल्या बायकांत एक वयस्कर मावशी होत्या, त्यांनी आक्कांना बाजूला घेऊन झापलं. "कुणीतरी ताटांना मागनं कागद डकवून ठेवलेले. आम्ही सहा जणी दोन तास राखेनं घासत बसलो. एवढी घाण ठेवत्यात व्हय?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. म्हणाल्या, "व्हय बाई, चुकलंच." त्यांची ही माया मी विसरणार न्हाई.

*

आता माझी चूक. वेबसाइटच्या पहिल्याच पानावर मी मोठ्या आकड्यात टाकलं होतं, 'आतापर्यंतची बुकिंग'. सगळे फोन करायचे, त्यामुळं तो आकडा नऊवर जो बसला तो उठलाच न्हाई. वहीत दर आठवड्याला दोन-तीन कार्यं, आणि जगाला दिसतंय नऊ. हे काढून टाकायचं माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

ट्रस्टचे सेक्रेटरी एक वकीलसाहेब होते. त्यांनी त्या पानाची प्रिंट काढली आणि आक्कांना पत्र पाठवलं: खोलीचा वापर होत नसल्यानं ती रिकामी करून हवी, किल्ली आणून द्यावी.

आक्का पदरानं एक ताट पुसत होत्या, पुसलेलंच परत पुसत होत्या. लई वाईट वाटलं मला.

मी म्हटलं, "साहेबांच्या ऑफिसात जाऊ. वहीतलं सगळं लॅपटॉपवर घेतो, ग्राफ काढतो."

आक्का म्हणाल्या, "ऑफिसात नको. घरी जाऊ."

"घरी कशाला?"

"घरात माणूस बसवून घेतंय, खायला देतंय."

गेलो तिघं, रफिकभाईंच्या टेम्पोतनं. साहेबांनी नीट बसवलं. आक्कांनी किल्ली टीपॉयवर ठेवली. मी लॅपटॉप उघडला, तर साहेबांनी प्रिंट पुढं केली. "नऊ. तुमचाच आकडा आहे ना? लोकांना ही ताटं नकोच आहेत हो. आजकाल कोण घासत बसतं?" मी लॅपटॉप मिटला. रफिकभाई खिडकीबाहेर टेम्पोकडं बघत राहिले.

तेवढ्यात साहेबांच्या बायकोनं, वैनींनी, पोहे आणले, स्टीलच्या ताटांत, वर शेंगांचा कूट. आक्कांनी शांतपणे सगळे संपवले. दाणा ठेवला न्हाई. मग ताट रुमालानं पुसलं आणि साहेबांच्या पुढ्यात पालथं घातलं. ताटामागं मशीननं कोरलेलं होतं: 'भांडी बँक, नं. २१४'.

साहेबांनी चष्मा लावला. वाचलं. मग स्वतःचं ताट उलटं करायला उचललं, पण त्यात पोहे होते.

वैनी पातेलं घेऊन बाहेर आल्या. पालथं ताट बघून म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्यात बस? लाजू नका. नातवाच्या बारशाला आचाऱ्यानं आणलेली असली चाळीस ताटं पडल्यात आत, न्यायलाच आला न्हाई मेला. रोज त्यातच जेवतो आम्ही."

आक्कांनी टीपॉयवरची किल्ली उचलली, कमरेला खोचली आणि ताट सुलटं करून पुढं धरलं.

"वाढा की वैनी. पोहे लई छान झालेत."