लिंबू, पेरू, वाटी

माझे बाबा साखऱ्याच्या शाळेत मास्तर होते. हिंगोली जिल्हा नवा झाला त्या सुमारास शाळेचे हललेले पत्रे नीट करायला ते स्वतःच छपरावर चढले आणि पाठीवर पडले. मणक्याला मार बसला, कमरेखालचं सगळं बधिर झालं. पोट साफ झालं की नाही, हेही त्यांना आमच्याकडूनच कळायचं. चारचौघांत कपड्यात झालं तर, या धास्तीने ते ओट्यावरसुद्धा येईनात. त्यांची इच्छा एकच होती, माझ्या लग्नात शेवटपर्यंत मांडवात बसायचं.

डॉक्टर म्हणाले, "रोज वहीत लिहा, त्यावरून औषध ठरवू." लिहिणारे आम्ही तिघं, पाळीपाळीने. मी लिहायची "बऱ्यापैकी". थोरला भाऊ लिहायचा "बराबर". आई पोट साफ झालं की नुसती खूण करायची. डॉक्टरांनी मला विचारलं, "बऱ्यापैकी म्हणजे किती?" आता यावर बारावीतल्या मुलीने काय सांगायचं! आईच्या खुणा मात्र त्यांना आवडल्या, कारण तिच्या पाळीची एकही सकाळ रिकामी नव्हती. त्यांनी औषध कमी केलं.

आठ दिवसांत बाबांचं पोट टम्म फुगलं, उलट्या सुरू झाल्या. जीप करून दवाखान्यात नेलं. तिथे आईने कबूल केलं की निम्म्या खुणा खोट्या होत्या.

"काहून केलं असं?" बाबा कळवळून म्हणाले.

"डॉक्टर तुमाला बोलले असते," आई म्हणाली. "अन् तुमी न्हाई का, लेकरायला तांदूळ भेटावा म्हून घरी राह्यलेल्यायची हजेरी लावायचे? तशीच मी तुमची लावली."

त्या काळात हजेरी भरली तरच मुलाला शाळेतून महिन्याचा तांदूळ मिळायचा. खुरपणीला गेलेली पोरंही बाबांच्या हजेरीपटावर वर्गात बसलेली असत. आईने ते पुण्याचं काम म्हणूनच उचललं होतं. बाबा एवढ्या तकलिफीतही हसायला लागले. मला मात्र दोघांचा असा राग आला की सांगता येत नाही, आणि तितकीच मायाही.

घरी आल्यावर बाबांनी नवी वही मागवली. पट्टी धरून रकाने आखले: वेळ, माप, कपड्यात झालं का, शेरा. मापं तीनच, लिंबू, पेरू आणि वाटी. वाटी कुणाची, यावरून आई आणि भाऊ भांडले, तेव्हा बाबांनी वरणाची एक जुनी वाटी नमुना म्हणून खिळ्याला टांगली. मग आम्हाला समोर बसवून तिघांची तोंडी परीक्षा घेतली. आई दोनदा नापास झाली. त्या वर्षी आमच्या घरात पेरू कुणी खाल्ला नाही. पण सगळे एकसारखं लिहायला लागल्यावर डॉक्टरांना औषध नीट ठरवता आलं. एक दिवसाआड, सकाळी सहाची वेळ बसली आणि बाबा पुन्हा ओट्यावर येऊन बसायला लागले.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी पाळी आईची होती. सहा वाजले, सात वाजले. बाबांनी विचारलं, "झालं का?"

आई झालं म्हणाली असती तर ते निर्धास्त बसले असते. मी दारात उभी होते आणि खरं सांगते, तिने तसंच म्हणावं असं मला वाटत होतं.

"न्हाई झालं," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने म्हणाले, "धोतर नको, काळी पँट दे. अन् मांडवात तू माह्या बाजूलाच बस."

बुद्धवंदना चालू असताना आईने अंगावरची शाल काढून त्यांच्या मांडीवर पसरली. मला कळलं. तिने वाकून त्यांच्या कानात आत न्यायचं का विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि माझ्याकडे बघत राहिले. शेवटची फुलं पडेपर्यंत त्यांनी खुर्ची हलवू दिली नाही.

चार दिवसांनी माहेरी आले, तेव्हा वही उघडून पाहिली. त्या दिवसाची ओळ आईची नव्हती, बाबांच्या मास्तरी अक्षरात होती. वेळ: अकरा चाळीस. माप: लिंबू. कपड्यात: होय. शेरा: लग्न पूर्ण पाहिलं.