चाकणच्या वाटेवर दोरी, काजळ आणि ज्वारीची पिशवी

चाकणला जायचं ठरलं ते शांतामुळे. एरवी रजा मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून पसार होण्यात मी पटाईत होतो, पण या वेळी हुकूम घरातूनच सुटला. तिच्या वडिलांनी बैलजोडी विकायची ठरवली होती. त्यांच्याच्याने आता शेत होत नव्हतं, जमीन पुतण्याला वाट्याने दिली होती आणि पुतण्याकडे स्वतःचे बैल होते. शनिवारी चाकणचा बाजार, म्हणजे त्याआधी पोचायला हवं होतं.

"बैलांचं निमित्त करून जा," शांता म्हणाली, "पण अहो, आबांचा फोटो आणा. मला आईचा चेहरा नीट आठवत नाही. डोळे मिटले की नुसता पदर दिसतो. आबांचं तसं व्हायला नको."

तिला सातवा महिना होता, त्यामुळे ती येणं शक्यच नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपणही चिंचवडलाच व्हायचं होतं, मावशीला बोलावून. आबांनी आयुष्यात एकदाही फोटो काढू दिला नव्हता. आमच्या लग्नात फोटोवाला आला तेव्हा ते चक्क आचाऱ्याजवळ जाऊन बसले होते.

ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या शेवटाची. नात म्हणते, "आजोबा, ब्लॉगवर फोटोसाठी फिरणाऱ्यांच्या उपयोगाचं काहीतरी लिहा." तर उपयोगाचं आधी सांगतो. महागडा कॅमेरा नसला तरी चालतं, पण खिशात चार फुटकळ वस्तू हव्यात. माझा कॅमेरा म्हणजे पुण्यातून जुना घेतलेला पेटी कॅमेरा. कमरेशी धरायचा, वरच्या काचेत मान घालून बघायचं. एका रोलवर आठ फोटो. तो जरा हलला की फोटोतला माणूस धुक्यातून आल्यासारखा दिसायचा.

त्यावर पहिला इलाज दोरी. मी पिंपरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या सळईतून कॅमेऱ्याच्या बुडाला बसेल असा स्क्रू काढला आणि त्याला हातभर सुतळी बांधली. सुतळीचं दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. हात थरथरत नाही. खर्च शून्य, फक्त मिस्त्रींनी "ओव्हरटाइम स्वतःच्या घरी कर" म्हणून झापलं. आजही करून बघा, तिपाई बाळगायची गरज पडत नाही.

बाकीच्या वस्तू शांताच्या हातच्या. भिंगावर ऊन पडू नये म्हणून तिने पुठ्ठ्याची नळी केली आणि आतून काजळ फासलं. आतल्या फिल्मचे नंबर दिसायला कॅमेऱ्याच्या पाठीवर तांबडी काच असते, तिथून उन्हाचा शिरकाव होऊन फिल्म खराब व्हायची, म्हणून तिने काळ्या कापडाची झडप शिवली, टिचबटणासकट. कॅमेऱ्याचा पट्टा मान कापायचा, त्याला जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळला. आणि कॅमेरा टेकवायला एक वीतभर पिशवी, आत ज्वारी. दगडावर, कट्ट्यावर, कुठेही ठेवा, कॅमेरा तिच्यात रुतून बसतो. सगळं मिळून सहा आणे लागले असतील, तेही टिचबटणाचे आणि कापडाचे.

शुक्रवारी पहाटे निघालो. चिंचवडहून भोसरीपर्यंत वाट कच्ची, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत सायकलचं चाक अडकायचं. आज त्याच वाटेवर कंटेनरांच्या रांगेत तुम्ही तास घालवता, त्या काळी मला एक गाडीवान आणि दोन मेंढरं भेटली. भोसरीला नाशिक रस्ता लागला की बरं वाटायचं. मोशीला इंद्रायणीच्या काठी उतरलो, तोंड धुतलं, आणि मोह न आवरून नदीचा एक फोटो काढला. पुढे चिंबळी, कुरुळी. रस्त्याकडेच्या हॉटेलात, हॉटेल म्हणजे चार बांबू आणि एक चूल, चहा आणि कालची शेव मिळाली. कॅमेऱ्याच्या नळीकडे बघून मालक म्हणाला, "राव, ही दुर्बीण हाय का?" मी म्हटलं, काजळ लावलेला पुठ्ठा आहे. "मग नजर लागायची न्हाई," म्हणाला आणि चहात आणखी दूध घातलं.

चाकण आलं की आधी वास यायचा, कांद्याचा. वखारींच्या पुढे पोत्यांच्या थप्प्या आणि पायाखाली सालपटं. किल्ल्याच्या तटाचा एक फोटो काढला. आता वाटतं, तेव्हाच हात आवरायला हवा होता, पण आठ फोटो त्या वेळी फार वाटले. तिथून आबांचं गाव उजवीकडे, तासाभराची पाऊलवाट. सायकल हातात धरूनच चालावं लागलं.

आबा ओट्यावर दावं वळत बसले होते. "या जावईबापू. शांती बरी हाय ना?" एवढं विचारून त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं आणि हसले. "पेटी घिऊन आला. म्हंजी लेकीनं धाडलंय."

"बैलांचा फोटो काढायचाय मामा."

"बैलांचा काढा की. माझा काय काढायचा न्हाई, आत्ताच सांगतो. तुमचा डाव कळतो मला."

रात्री भाकरी, झुणका आणि चाकणचा कांदा, बुक्कीने फोडलेला. इतकं चविष्ट जेवण मला पुढे मोठ्या हॉटेलांतही मिळालं नाही, आणि ते वाढणारा माणूस स्वतः भाकरी थापत होता. मी धीर करून विचारलं, "मामा, फोटोचं एवढं काय आहे?"

ते चुलीतली लाकडं मागे ओढत होते. "तिचा न्हाई," म्हणाले. "एक बी न्हाई. ऱ्हाईलंच काढायचं. मंग माझा कशाला?" शांताला जाऊन काय सांगायचं, याचीच काळजी लागली.

सकाळी ऊन अंगणात उतरलं. हरण्या पांढराशुभ्र, चिमण्या तांबूस काळा. मागची भिंत अर्धी सावलीत, अर्धी उन्हात. माझ्यातला कलावंत जागा झाला. पांढरा बैल काळ्या सावलीपुढे हवा, म्हणून मी दोघांची जागा बदलायला सांगितली. आबांनी बैल बदलले. मी सुतळी बुटाखाली दाबली, श्वास रोखला, आणि हरण्याने मान झटकली. पुन्हा रोखला, चिमण्या पार आडवा झाला. असे चार फोटो गेले. सहा संपले, दोन उरले. घामाने माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"झालं समाधान?" आबा शांतपणे म्हणाले. "हरण्या डावीचा बैल हाय. बारा वर्सं डावीला चाललाय. उजवीला त्यो कसा हुबा ऱ्हाईल?"

"मग आधीच सांगायचं ना मामा."

"मला वाटलं फोटोत उलटं दिसत आसंल."

मला हसू आलं आणि रडूही. वर्कशॉपमध्ये मशिनच्या डाव्या-उजव्या आट्यांचा हिशेब ठेवणारा मी, आणि मुक्या जनावराला बाजू असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बैल आपापल्या जागी गेले. निम्मे शांत झाले, पण माझ्या पेटीकडे बघून कान टवकारलेलेच. मी म्हटलं, "मामा, तुमचा हात लागल्याशिवाय हे थांबायचे नाहीत. दोघांच्या मधे उभे राहा, दोन्हीकडे हात ठेवा. माझ्याकडे बघू नका, बैलांकडेच बघा."

आबांनी पटका काढला, झटकला, पुन्हा नीट बांधला. त्यावरून मला कळलं की ते तयार आहेत. ते चिमण्याच्या बाजूला, उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले.

"मधे या मामा. हरण्याकडची बाजू रिकामी राहते."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "जू ठिवताना चिमण्याला मी धरायचा, हरण्याला ती. त्या अंगाला तीच हुबी ऱ्हायची. मी न्हाई जायचा तिथं."

मी ज्वारीची पिशवी तुळशीकट्ट्यावर ठेवली, तिच्यात कॅमेरा रुतवला. हरण्या अजून पाय बदलत होता. तेव्हा आबांनी चिमण्याच्या पाठीवरून हरण्याकडे बघत, अगदी बारीक, बाईच्या सुरात म्हटलं, "उगी रं माज्या लेकरा, उगी." हरण्या थांबला. दोन्ही कान खाली पडले. मी कळ दाबली.

"तिच्याच तोंडचं हाय ते," आबा पुटपुटले. "अजून वळखतो."

दुसरा फोटो मला घेता आला नाही. काचेत काही दिसेना, डोळे भरून आले होते. दुपारी चाकणच्या बाजारात जोडी एकत्रच विकली गेली, पलीकडच्या गावच्या एका शेतकऱ्याला. आबांनी त्याला भाव कमी करून दिला, पण डावा कुठला आणि उजवा कुठला ते तीनदा सांगितलं. परत येताना मला त्यांनी कांद्याचं गाठोडं सायकलला बांधून दिलं. चौदा-पंधरा मैल त्या वजनाने पायांचे तुकडे पडले, हेही वाचकांनी लक्षात ठेवावं. जाताना सामान कमी न्या, येताना ते वाढतंच.

रोल धुऊन आला तेव्हा त्यातले बैलांचे पहिले चार फोटो म्हणजे नुसते ढग होते. सातवा मात्र स्वच्छ होता. चिमण्याच्या मानेवर हात ठेवलेले आबा, पटका नीट, नजर पलीकडे. हरण्याच्या बाजूला अंगण तेवढं मोकळं. शांताला मी तिथली हकिकत सांगितली. तिने फोटो हातात घेतला आणि आबांकडे नव्हे, त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग तो फळीवर ठेवला, साखरेच्या डब्याला टेकवून. दिवसातून दहादा साखर लागायची तिला त्या दिवसांत.

मुलगी झाली. बारशाला आबा आले, चिंचवडला पहिल्यांदाच. एका हातात तुपाची बरणी, खांद्यावर गोधडी. पाळण्याआधी त्यांची नजर फळीवर गेली. ते फोटोपुढे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, बैलांची आठवण आली असणार.

"जावईबापू," ते वळून म्हणाले, "आता शांतीचा काढा. पोरीला मांडीवर घिऊन. न्हाईतर उद्या ही बी इचारंल, आई कशी दिसायची."

मी पत्र्याच्या पेटीतली माझ्या फोटोंची पाकिटं डोळ्यांसमोर आणली. कॅमेरा घेतल्यापासून दोन वर्षांत पूल काढले होते, देवळं काढली होती, नदी, तट, बैल. ज्या बाईने माझा कॅमेरा स्थिर राहावा म्हणून ज्वारीची पिशवी शिवली, तिचा त्यात एकही फोटो नव्हता.

शांता ओशाळून पदर सारखा करत म्हणाली, "आबा, आत्ता नको. केस बघा कसे झालेत माझे. नंतर काढू कधीतरी."

आबा खाली बसले. त्यांनी बाळाची कुंची नीट केली.

"ती बी दर बारीला हेच म्हनायची," ते म्हणाले.

शांता बाळाला मांडीवर घेऊन दारातल्या उजेडात येऊन बसली.