यशोधराबाईंची चिंध्यांची फाईल

यशोधरा रोकडेला इंग्रजीचा राग होता आणि तो तिने कधी लपवला नाही. दहावीला तीनदा बसली, तिन्ही वेळा बाकी सगळं सुटलं आणि इंग्रजीने दगा दिला. मग तिने शाळेचा नाद सोडला आणि अंबरनाथमध्ये शिवणक्लास लावला. तिथे रीत अशी, की शिकलेली प्रत्येक शिवण कापडाच्या तुकड्यावर घालायची, तो तुकडा फाईलमध्ये टाचायचा आणि खाली नाव लिहायचं. धावदोरा, हेम, काज, हूक. क्लासात सगळ्यात देखणी फाईल यशोधराची झाली.

त्याच हाताच्या जोरावर ती उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात लालवानी सेठच्या कारखान्यात लागली. काम सॅम्पल शिवण्याचं. परदेशी ऑर्डर पक्की व्हायच्या आधी एक नग शिवून पाठवतात. तो पसंत पडला, तरच पुढचे हजारो नग निघतात. त्या नगाला पुठ्ठ्याचं टॅग असतं आणि टॅगवर बनवणाऱ्याचं नाव. एकोणीस वर्षं सॅम्पल शिवली यशोधराने, आणि टॅगवर नाव गेलं धर्मराज मास्टरचं! मास्टर माणूस वाईट नव्हता. "रीत आहे बाई," म्हणायचा, "सॅम्पल मास्टरच्याच नावाने जातं." म्हणे रीत! यशोधरा मान खाली घालून टीप मारायची, पण दर वेळी टॅगची दोरी जरा जास्तच करकचून बांधायची.

यंदा मास्टरचे गुडघे बोलायला लागले आणि तो चामटोलीला आपल्या घरी जाऊन बसला. खुर्ची रिकामी झाली. यशोधरा सरळ सेठसमोर जाऊन उभी राहिली.

"सेठ, मला मास्टर करा."

सेठने चष्मा काढला. "यशोधराबाई, हात सोन्याचा आहे तुझा, मान्य. पण मास्टरला बायरशी बात करायला लागते. सगळं इंग्लिशमध्ये. तुझ्याने कसं होणार?"

"शिकेन."

"एक महिना देतो. त्यानंतर इंग्लंडवाल्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आहे. जमलं तर खुर्ची तुझी. नाही तर मी बाहेरून मास्टर आणणार, मग रडायचं नाही."

त्या संध्याकाळी ती बायरच्या जुन्या सूचनांचा गठ्ठा घरी घेऊन आली. पहिलंच पान वाचलं आणि डोकं फिरलं. अवघड शब्द असते तर गोष्ट वेगळी. इथे सगळे पहिलीच्या पुस्तकातले! टेक, पुट, डू, कम, आणि त्यांच्या शेपटाला इन, आऊट, अप, विथ. सुटे सुटे सगळे ओळखीचे, पण एकत्र आले की ओळखच देईनात.

"आई, ते सुटे वाचायचेच नाहीत," बदलापूरच्या कॉलेजात शिकणारी तिची लेक सोनिया म्हणाली. "'डू अवे विथ' हा अख्खा एक नग समज. काढून टाका, असा अर्थ. मधलं ते छोटं 'अवे' आहे ना, तेच सगळं फिरवतं."

यशोधराने त्या शब्दावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे कॉलरमधलं बुकरम. दिसत नाही, पण कॉलर उभी राहते ती त्याच्यामुळे."

"अगदी तेच!"

झालं. बाईंनी पत्र्याच्या पेटीतून जुनी फाईल काढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर सुरुवात केली. 'टेक इन'च्या पानावर चिमटीत धरून आत घेतलेला तुकडा. 'लेट आऊट'ला शिवण उसवून आत राखलेली जादा कापडाची माया मोकळी सोडलेला. 'डू अवे विथ'ला खिशाचा फ्लॅप उसवून टाकलेला तुकडा, नुसती सुईची भोकं उरलेली. 'गो बॅक टू' म्हणजे आधीचंच परत घ्या, तिथे उलटी टीप. 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणं, हे सोनियाने सांगितलं तेव्हा तिला ते वेगळं समजावून द्यावं लागलं नाही. एकाच जागी सात वेळा उसवून शिवलेली चिंधी तिने तिथे लावली. एक पान मात्र कोरं राहिलं. 'कम अप विथ', स्वतःच्या डोक्यातून काहीतरी काढणं. एकोणीस वर्षांत तिला तसं करायला कुणी सांगितलंच नव्हतं, मग नमुना आणायचा कुठून?

कॉलच्या दिवशी सेठने सॅम्पल रूममध्ये लॅपटॉप मांडला. ऑफिसातला जितेश वही घेऊन बसला, कारण सेठचा जीव थाऱ्यावर नव्हता. "जितेश बोलेल, तू जॅकेट धरून उभी राहा." डेनिमचं नवं जॅकेट होतं. पडद्यावरची मॅडम सुरू झाली ती थांबायलाच तयार नाही. टेक इन द वेस्ट. यशोधराच्या टाचण्या कमरेला लागल्या. लेट आऊट द स्लीव्ह. बाहीची शिवण उसवली. डू अवे विथ द फ्लॅप्स. कात्री चालली आणि फ्लॅप टेबलावर. गो बॅक टू द फर्स्ट कॉलर. बदलण्याआधीची पहिली कॉलर तिने ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेलीच होती. जितेशची वहीत दुसरी ओळ चालली होती तेवढ्यात बाईंचं काम पुरं!

मॅडम थबकली. मग खांद्यावरच्या झोळाकडे बोट करून म्हणाली, हे मी पुट अप विथ करणार नाही, कम अप विथ समथिंग.

"येस मॅडम, वी विल मेल यू," जितेश म्हणाला.

"वन मिनिट, मॅडम," यशोधरा म्हणाली. सेठने कपाळावर हात मारला.

तिने खांदा उसवला, शिवण बोटभर मागे सरकवली, जास्तीची पट्टी कापली आणि मशिनवर टीप मारली. मग स्वतःच जॅकेट अंगात घालून पडद्यापुढे पाठमोरी उभी राहिली. झोळ गायब.

"मॅडम, आय केम अप विथ धिस."

मॅडमने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. ही कोण, किती वर्षं आहे, असं तिने विचारलं.

"आय मेक ऑल सॅम्पल्स. नाइन्टीन इयर्स."

मॅडमने समोरच्या जुन्या सॅम्पलचं टॅग उलटून पाहिलं. मग इथे दर वेळी धर्मराज का लिहिलेलं असतं, असं तिने विचारलं.

जितेश वहीत बघत बसला. सेठ खुर्चीत चुळबुळला, घसा खाकरला आणि त्याने कोरं टॅग नि पेन यशोधराच्या पुढ्यात सरकवलं.

"लिही. मास्टर तूच आहेस ना आता?"

तिने सावकाश, एकेक अक्षर कोरत, नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं. यशोधरा हरिचंद्र रोकडे. रेघ पुरली नाही, आडनाव खालच्या रकान्यात उतरलं. उतरू दे! अशी खुशी तिला आयुष्यात झाली नव्हती.

घरी आल्यावर तिने खांद्याची ती कापलेली पट्टी सोनियापुढे धरली आणि फाईल उघडली. कोऱ्या पानावर पट्टी टाचली, वर 'कम अप विथ' लिहिलं आणि शिवणक्लासातल्या रीतीप्रमाणे खाली आपलं नाव घातलं.