बिनतोंडाचा पाहुणा

ठाण्याच्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवणारे मोईमास्तर रस्त्याने निघाले, की एका काखेत छत्री आणि दुसऱ्या काखेत मोईच्या झाडाची डहाळी. पाऊस आला तर छत्री धरायची ती डहाळीवर. स्वतःची पगडी भिजली तरी हरकत नसे. घरी टोपल्यांत सुरवंट असत आणि त्यांना ओला पाला बाधे. मास्तरांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मीही मारली नाही, आणि मी तर शेजारच्याच वर्गावर शिकवत होतो.

हे सुरवंट येऊरच्या डोंगरातल्या एका पतंगाचे. ज्याने तो पाहिला नाही त्याला काय सांगावं! पसरलेल्या पंजाएवढा, केळीच्या कोवळ्या पानासारखा फिकट हिरवा, चारी पंखांवर एकेक डोळा, अंगावर पांढरी लव आणि मागच्या पंखांना दोन लांब शेपट्या. अंडी मोहरीएवढी. त्यांतून तांबूस अळी निघते, चारदा कात टाकते, हिरवीगार होऊन अंगठ्याएवढी फुगते, मग पानं अंगाभोवती ओढून तपकिरी कोश विणते. मास्तर हे सांगायला लागले, की तास संपल्याची घंटा ना त्यांना ऐकू येई, ना ऐकणाऱ्यांना.

"पाहिलंत, की ऐकलंत?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एकदा हेडमास्तर म्हणाले, मलंगगडावर याहून दुप्पट मोठे पतंग असतात. मास्तरांनी तितक्याच नम्रपणे विचारलं, "आपण पाहिलेत, की ऐकलंत?" हेडमास्तरांनी पावसाचा विषय काढला.

दुसरी खोड म्हणजे, घरी आलेल्याला उपाशी सोडायचं नाही. निरोप द्यायला उंबऱ्यात उभा राहिलेला माणूससुद्धा पाटावर बसवला जाई. "आधी खा, मग बोला," हे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणायच्या आणि मास्तर बाहेरून.

पतंगाचा सगळा जन्म मास्तरांनी एका मोठ्या कागदावर उतरवला होता. कडेने अंडी, अळ्या, कोश आणि मधोमध पूर्ण वाढलेला पतंग, कुड्याच्या फुलावर बसून सोंडेने मध पिणारा. शाळा तपासणारे डिपोटीसाहेब ते बघून इतके खूश झाले, की चित्र मुंबईला शिळाप्रेसवर छापून जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत लावायचं ठरलं. "असं चित्र या जिल्ह्यात दुसऱ्याला जमायचं नाही," मास्तर म्हणाले. ही बढाई नव्हती. खरंच नसतं जमलं.

गणपतीच्या दिवसांत एका सकाळी कोशातून नवा पतंग निघाला. एरवी पंख वाळले की मास्तर त्याला त्याच संध्याकाळी सोडून देत. या खेपेला त्यांनी तो ठेवून घेतला, कारण चित्र न्यायला साहेब तीन दिवसांनी येणार होते आणि त्याआधी सोंडेवर शेवटचा हात फिरवायचा होता. त्यांनी पुढ्यात मध ठेवला. पतंग ढिम्म. उसाचा रस ठेवला, तोही तसाच.

"अहो, साखर घालून दूध ठेवू का?" काकू कळवळून म्हणाल्या. "दोन दिवस झाले, घरात उपाशी बसलाय बिचारा."

तिसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा मास्तर भिंग हातात घेऊन भिंतीला टेकले होते. "तोंडच नाही हो याला!" ते म्हणाले. "अळी असताना खाल्लं तेवढ्यावर आठवडाभर जगायचं आणि जायचं. आणि मी खुशाल सोंड काढून ठेवली!" इतक्या वर्षांत पतंगाला खाताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. जो जिवंत आहे तो खाणारच, हे ते धरूनच चालले होते.

"मास्तर, गप्प बसा," मी म्हणालो. "केसाएवढी रेघ ती. कोण बघणार आहे?"

"मी बघितलं ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात त्यांनी साहेबांना सांगितलं, "हे चित्र खोटं आहे. जे पाहिलं नाही ते मी काढलं." साहेब समजूतदार होते, म्हणाले, सोंड खरवडून टाका, झालं. मास्तर ऐकेनात. फूल खोटं, बसणं खोटं. अंड्यापासून नवा पतंग वाढवून, सगळं नीट पाहून पुन्हा काढायला हवं, म्हणजे पुढचा पावसाळा. प्रेस वर्षभर थांबणार नव्हता. कुणाचं तरी आंब्याच्या झाडाचं चित्र छापून जिल्हाभर गेलं. मास्तर मात्र ताठ मानेने वर्गावर गेले. मला त्यांचा राग आला होता.

पुढल्या पावसाळ्यात त्यांनी चित्र नव्याने काढलं. मोईच्या नुसत्या फांदीला लटकलेला पतंग, पुढ्यात काही नाही. खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ: 'यास तोंड नसते. प्रथम मी चुकलो होतो.' त्याच हिवाळ्यात मास्तर तापाने गेले. मला ते फार जड गेलं.

ते चित्र माझ्या वर्गात राहिलं. पंचवीस वर्षं मी मुलांना ते दाखवलं, मास्तरांची गोष्ट सांगितली, साहेबांपुढे ते काय बोलले तेही अभिमानाने सांगितलं. माझा सल्ला तेवढा दर वेळी गाळला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी, वर्ग रिकामा झाल्यावर, मी दौत-टाक घेतला आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं: 'गप्प बसा, असे त्यांस मी सांगितले होते.' आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं.